पडद्यावरच्या गड्याचा दम

आमचे केरबाअण्णा शेलार कबड्डीचे जुने गडी. पुण्याच्या एका कंपनीने त्यांना कबड्डीच्या व्हिडिओ गेमसाठी सल्लागार म्हणून बोलावले. गेम पाहून अण्णा म्हणाले, "सगळं झकास आहे. फक्त चढाई करणाऱ्याचा दम कधी संपतच नाही. तेवढं सुधारा."

मालक मिरजकर साहेब हसले. "अण्णा, दम कोण बघतो? गेमच्या खोक्यावर तुमचा फोटो आणि नाव छापलं, की गेम खरा वाटणारच!"

अण्णांना वाईट वाटले. खोट्या खेळावर आपले नाव गेले, तर जुन्या सोबत्यांना तोंड कसे दाखवायचे? ते हळूच म्हणाले, "बरं साहेब, एक चढाई तुम्हीच खेळा. फक्त कबड्डी तुम्ही तोंडानं म्हणायची, एका दमात."

साहेब बटणे दाबत 'कबड्डी कबड्डी' म्हणू लागले. थोड्याच वेळात चेहरा लाल झाला, ठसका लागला. पडद्यावरचा गडी मात्र मजेत घुमत होता.

अण्णांनी पाणी पुढे केले, पाठीवरून हात फिरवला. "सावकाश प्या. तुम्ही तर बाद झालात साहेब, मग हा कुणाच्या दमावर खेळतोय?"

साहेबांनी ग्लास खाली ठेवला आणि शेजारी उभ्या असलेल्या कारकुनाला म्हणाले, "खोक्यांची छपाई थांबवा. आधी गड्याला दम लागू दे, मग अण्णांचं नाव."