वेळूगडच्या राजाने गाडी कशी घेतली

वेळूगडच्या राजाची गाडी भर घाटात बंद पडली, आणि या खेपेला आत राजमाता होत्या! त्यांना शेवटी उसाच्या ट्रॅक्टरवर बसून गडावर यावं लागलं. उतरल्या उतरल्या त्या मुलाला म्हणाल्या, "दाजीराजे, एक तर भरवशाची गाडी घ्या, नाहीतर मला माहेरी धाडा!"

राजाचं कुटुंब भलं मोठं. लहान गाडी घेतली की निम्मं घर मागे राहायचं. तेव्हा ऐसपैस, उंच, घाट चढणारी एसयूव्हीच हवी. निरोप मिळताच खालच्या शहरातून तीन विक्रेते आपापली गाडी घेऊन हजर झाले. गुळव्यांची पांढरी, कानड्यांची लाल आणि टिकेकरांची निळी.

"महाराज, हिचं छत उघडतं!" गुळवे म्हणाले.

"छत तर आमच्या राजवाड्याचंही उघडतं, वारा सुटला की!" राजा म्हणाला. "गुण सांगा."

"आमची गाडी बोलते!" कानडे पुढे सरसावले. "डावीकडे वळा, पट्टा लावा, सगळं सांगते."

"बोलणारी माणसं घरात काय थोडी आहेत?" राजमातांनी त्यांना तिथेच गप्प केलं.

"आमच्या गाडीत प्रत्येक सीटजवळ पेला ठेवायची सोय आहे," टिकेकर म्हणाले.

"अहो, आम्हाला घाट चढायचाय, पंगत बसवायची नाही!" राजा म्हणाला.

आपल्या गाडीइतकी भरवशाची गाडी दुसरी नाही, असं तिघांनीही शपथेवर सांगितलं. राजा वैतागला. त्यातून तो महा हट्टी. एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती काढायला सुतारच बोलवावा लागायचा. त्याने आपला ड्रायव्हर सटवाजी याला हाक मारली.

"उद्या दिवस मावळायच्या आत यातली भरवशाची गाडी कोणती ते सांग. पण चालवून बघायची नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक गाडी नव्या जावयासारखी वागते! बॉनेट उघडायचं नाही. मागच्या वेळी तूच उघडून बघितलं होतंस, काय उपयोग झाला? आणि या तिघांचा शब्द तर मुळीच धरायचा नाही. मला पटलं नाही तर किल्ली ठेव आणि मळ्यात ढोरं राख!"

सटवाजीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची उभी हयात स्टिअरिंगमागे गेलेली. या वयात ढोरांमागे तो काय धावणार? त्याची लेक हौसा राजवाड्याच्या स्वयंपाकघरात कामाला होती, ती चहा घेऊन तिथेच उभी होती. बापाचं उतरलेलं तोंड तिला बघवेना.

"सरकार, बाच्या ऐवजी म्या सांगितलं तर चालंल का?"

"गप बस, पोरी!" सटवाजी कुजबुजला.

"चालेल," राजा म्हणाला. "पण अटी त्याच! तुला काय काय लागेल?"

"पुरणपोळीचं जेवाण. गाड्या हितंच ऱ्हाऊ द्यात. उद्या ह्या तिन्ही सायबांच्या बायकापोरांस्नी एसटीनं बोलवून घ्या. आन् निघतेवेळी म्या सांगंन त्यो सरकारांचा हुकूम!"

राजाला गंमत वाटली. त्याने होकार दिला आणि विक्रेत्यांना मुक्कामाला ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने तिन्ही कुटुंबं आली. मऊसूत पोळ्या, कटाची आमटी आणि वर तुपाची धार! गुळव्यांच्या सासूबाईंनी तर पोळ्या मोजायचंच सोडून दिलं. पानसुपारी होईपर्यंत शेवटची एसटी निघून गेली, ऊन कललं आणि घाटात धुकं उतरू लागलं. मंडळी आपापल्या गाडीकडे निघाली तशी हौसा पायरीवर उभी राहिली.

"सरकारांचा हुकूम! कुणीबी आपल्या गाडीत बसायचं न्हाई. दुसऱ्या दोन्हींतली आवडंल ती घ्या आन् बायकापोरांस्नी घिऊन घाट उतरा!"

गुळव्यांनी तडक सासूबाईंचा हात धरला आणि निळ्या गाडीकडे धूम ठोकली. तिकडून कानडेही धाकट्याला काखोटीला मारून त्याच गाडीकडे! दोघांची टक्कर दारातच झाली.

"दार आधी मी धरलंय!"

"माझी लहान लेकरं आहेत हो!"

"मग माझी पांढरी घ्या की! छत उघडतं!"

"तुमचं छत तुम्हालाच लखलाभ! घाटात ब्रेक लागतात का, ते बोला!"

टिकेकर मात्र जागचे हलले नाहीत. त्यांच्या वाट्याला उरली होती पांढरी नाहीतर लाल. त्यांची बायको पोरांना घेऊन पायरीवर ठाण मांडून बसली. "मी घाट चालत उतरेन, पण त्या दोन डब्यांत पोरांना बसवणार नाही! त्या कशा बंद पडतात ते रोज जेवताना तुम्हीच सांगता ना?"

हौसा राजाकडे वळली. "सरकार, गाडी हलवली न्हाई, उघडली न्हाई, ह्यांचा शबुदबी धरला न्हाई. इकणाऱ्यांनीच आपली लेकरं कुठं बसवली, ते तेवढं बघा. निळी घ्या!"

राजा पोट धरून हसू लागला. आता टिकेकरांना जोर चढला. ते घसा खाकरून म्हणाले, "महाराज, सर्वांदेखत सिद्ध झालंय. तेव्हा किंमत जरा वाढवून द्यावी लागेल."

"द्या की, सरकार!" हौसा म्हणाली. "पैकं आत्ताच द्या. म्हंजी गाडी आत्तापासनं आपली. ती हितंच ऱ्हाईल, आन् टिकेकर सायेब जातील लाल गाडीतनं!"

टिकेकरांनी लाल गाडीकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. बायकोकडे फार वेळ पाहवेना.

"नको, नको! मूळ किमतीपेक्षा कमी द्या, महाराज! फक्त आज आम्हाला हिच्यातूनच घरी सोडा!"

आता राजाला हसून हसून उभं राहवेना. तो पायरीवरच बसला. राजमाता डोळे पुसू लागल्या. शेवटी तिन्ही कुटुंबं त्या एका निळ्या गाडीत कोंबली गेली. सासूबाईंच्या मांडीवर कानड्यांची लेकरं बसली. राजाने किल्ली सटवाजीच्या हातात ठेवली. "यांना घरी सोड आणि आपली गाडी घेऊन परत ये!" सटवाजीने किल्ली कपाळाला लावली आणि सीटवर जाऊन बसला.

राजमातांनी आपल्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून हौसाच्या हातात घातल्या.

"आणि टिकेकरांनी किमतीत जेवढे सोडले, तेवढे सगळे हौसाचे!" राजा म्हणाला.

गाडीच्या खिडकीतून टिकेकरांचं डोकं बाहेर आलं. "महाराज, मग थोडे कमी सोडले तर..."

"बा, थांब जरा!" हौसा ओरडली. "सायबांस्नी लाल गाडी आवडलीया!"

खिडकीची काच झर्रकन वर गेली. सगळा गड हसला आणि निळी गाडी घाट उतरू लागली.