ताठ पात्यांची जोडी

समुद्रकाठच्या एका गावी एकदा एक वृद्ध पाणबुडा राहत असे. पाठीला हवेचे नळकांडे न बांधता, केवळ छातीत भरलेल्या श्वासावर तो तळाशी उतरे आणि भाल्याने मासा टिपून वर येई. सकाळची पूजा आटोपल्याखेरीज त्याने कधी पाण्याला पाय लावला नाही. एक तरुण शिष्य त्याच्याकडे ही विद्या शिकत होता. खोल खडकाच्या कपारीतला थोरला गोबरा मासा आपणच आणायचा, हा त्याचा ध्यास.

एके दिवशी पायांत घालायचे लांब पात्यांचे फिन घेण्यास दोघे शहरातल्या व्यापाऱ्याकडे गेले. शिष्याने कार्बन फायबरच्या सर्वांत ताठ पात्यांची जोडी उचलली.

“वा! नजर आहे,” व्यापारी म्हणाला. “एका फटक्यात तळ गाठाल.”

वृद्धाने ती पाती हाताने वाकवून पाहिली आणि मऊ पात्यांची जोडी पुढे सरकवली. “ही घे.”

“आजोबांचे गुडघे मऊ झाले, म्हणून पातीही मऊ होय?” व्यापारी हसला.

वृद्धाने त्याला बाजूला नेऊन कानात काही सांगितले. व्यापाऱ्याने मान डोलावली आणि दोन्ही जोड्या बांधून दिल्या. शिष्याच्या मनात शंका शिरली. या दोघांचे आपसात काही ठरले आहे काय? की मी आबांहून खोल जाईन, हेच त्यांना सोसत नाही?

दुसऱ्या सकाळी होडी खडकापाशी थांबली. शिष्याने हट्टाने ताठ जोडी चढवली. वृद्धाने त्याच्या कमरेची दोरी हाती धरली. मात्र शिष्य उतरू लागताच त्याने पाण्याकडे चक्क पाठ फिरवली. शिष्याने ते पाहिले, आणि संशय पक्का झाला.

तो बाणासारखा तळाशी गेला. परतताना मात्र पाय जड झाले. ताठ पाती हलवण्यास जोर लागे, आणि तो जोर छातीतला श्वास खात सुटला होता. दोरी थरथरताच वृद्ध वळला. त्याने भराभर शिष्याला वर ओढले आणि त्याच्या निळ्या पडलेल्या ओठांवरून नजर हलू दिली नाही.

दम परतताच शिष्याने विचारले, “आबा, पाठ का फिरवलीत? माझे उतरणे पाहवत नव्हते?”

“उतरणे काय पाहायचे, पोरा? उतरतो तर दगडही. पाते निवडायचे ते वर येण्यासाठी. दमलेल्या मांडीला जेवढे पेलेल, तेवढेच ताठ.”

“आणि व्यापाऱ्याच्या कानात?”

“नको ठरेल ती जोडी परत घेशील का, एवढेच विचारले. तुझ्या मांड्या अजून कच्च्या आहेत, हे त्याच्या देखत बोलू?” वृद्धाने दोरी गुंडाळायला घेतली. “संशय जरूर घे, रे. समुद्रावर तो प्राण वाचवतो. पण तू माझा घेतलास, त्या व्यापाऱ्याचा घेतलास. ‘तळ गाठाल’ हे ऐकून तुझ्या आत जो ‘मी’ फुगला, त्याचा मात्र घेतला नाहीस. देवापुढे हात जोडतानाही पहिला संशय त्याचाच घ्यावा लागतो.”

 शिष्याने पायांतली जोडी स्वतःच उतरवली.

पुढे काही दिवसांनी, मऊ पात्यांनिशी, तो त्याच खडकाशी उतरला. कपारीच्या तोंडाशी गोबरा स्थिर उभा होता, भाल्याच्या टप्प्याहून जरासाच खाली. शिष्याने क्षणभर आपल्याच छातीची चाहूल घेतली, आणि तो शांतपणे वर वळला.