राजाची अर्धी मिशी

मुहूर्ताला जेमतेम अर्धी घटिका उरली होती आणि राजा गंभीरराव यांची फक्त डावी मिशी तयार होती!

उजवीला पीळच बसेना. म्हादबा न्हावी तेल चोळून चोळून थकला. मांडवात नवरी ताटकळली. शेजारी पाण्याच्या घंगाळात तांब्याची वाटी तरंगत होती. बुडाच्या भोकातून तिच्यात पाणी चढत होतं. वाटी बुडाली की मुहूर्त!

"पुढचा मुहूर्त सिंहस्थ सरल्यावर. तेरा महिन्यांनी," जोशीबुवा भीत भीत म्हणाले.

"मग वाटी बाहेर काढा!" राजा ओरडला.

वाटी राखणारी सगुणा तान्हं पोर पाठीशी बांधून बसली होती. ती हळूच म्हणाली, "वाटी काढली तर वाटी थांबेल महाराज, काळ कसा थांबेल?"

"मग काळच थांबव! नाहीतर दिवस मावळायच्या आत पोरासकट गड उतर!"

सगुणेनं पाठीवरचं पोर सावरलं. आपल्याला ना वाटी नीट राखता येते, ना पोर, असं तिला दिवसातून दहादा वाटायचंच. आता या उन्हात त्याला घेऊन जायचं कुठं? तिनं राजाच्या लोंबत्या मिशीकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"थांबवते! पण काळ थांबला की मांडवात कुणी हलायचं नाही. द्या हुकूम."

"दिला!"

"थांबला!"

सगळं चिडीचूप! एका करवलीची जांभई अर्ध्यावरच राहिली. म्हादबाची बोटं मिशीपाशी थिजली.

"अरे, पीळ की!" राजा कुजबुजला.

"खबरदार!" सगुणा कडाडली. "बोट हललं की काळ चालू!"

"मग मिशी वळायची कधी?"

"मीही तेच विचारते, महाराज! आधी सरळ, मग वाकडी. या आधी आणि मगच्या मध्ये जो लागतो, तोच तर काळ. तो थांबवा म्हणालात, आता मिशी कशात वळणार?"

एवढ्यात राजाची नजर घंगाळाकडे गेली. "लबाड! वाटी तर भरतेच आहे!"

"तिच्यावर तुमचा हुकूम चालत नाही, महाराज. मिशीवर तरी कुठं चालतोय?"

जोशीबुवांनी डोळे मिटून घेतले. आणि राजा हसला! असा गदगदा हसला, की डाव्या मिशीचाही पीळ सुटला. दोन्ही मिशा सारख्या लोंबायला लागल्या.

"झाली की जोडी! बुवा, मंगलाष्टकं सुरू करा!" गळ्यातला मोत्यांचा कंठा सगुणेच्या ओंजळीत टाकत राजा गरजला, "आणि वाटीचं वतन आजपासून हिचं! पिढ्यान्‌पिढ्या!"