गणेशवेलीची उलटी प्रदक्षिणा

“नाव गणपतीचं, आणि फिरते गणपतीलाच उलटी! ही कुठली रीत, बुवा?”

केरोबाबुवा अंगणात अळूचे देठ सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण फिरते?”

“ही वेल! दुसरं कोण?”

त्र्यंबकचा आवाज चढला होता. बुवांचा हा शिष्य पंधरा दिवस गावी जाऊन आला होता. येऊन चार दिवस झाले, तरी त्याच्या नाकावरचा राग काही उतरत नव्हता.

रागाचं कारण अंगणाच्या मधोमध उभं होतं. कमरेएवढा उंच ओटा, ओट्यावर मांडीएवढा जाड सागाचा खांब, खांबाला छोटा कोनाडा आणि कोनाड्यात सुपारीएवढा गणपती. बुवांचं देऊळ म्हणजे एवढंच.

त्या खांबाच्या बुडाशी त्र्यंबकने गणेशवेल लावली होती. बिया रात्रभर भिजवल्या, वेलीला धरायला सोपं जावं म्हणून खांबाला काथ्या गुंडाळला. चतुर्थीपर्यंत खांब लाल फुलांनी भरून जावा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारावं, ‘कुणी लावली हो?’ एवढीच त्याची माफक इच्छा.

सात कोंब वर आले आणि सातही उलटे वळले. देवाला उजव्या हाताला ठेवून फिरायचं, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. यांनी देवाला डाव्या हाताला घेतलं.

त्र्यंबकने ते सोडवले, सुलट गुंडाळले, केळीच्या सोपटाने बांधून टाकले. सकाळी पाहावं तर शेंडे सुटून पुन्हा उलटे. पुन्हा सोडवले, पुन्हा बांधले. सहा वेली त्र्यंबकच्या शिस्तीत वाळून गेल्या. सातवी तो गावी गेला म्हणून वाचली.

ती आता खांबाच्या टोकाला पोहोचली होती. शेपूसारखी बारीक पानं आणि त्यांत लालभडक फुलं. दुसरा कुणी असता तर हरखून गेला असता.

“वेलीचं एक वेळ सोडा, बुवा. तिला अक्कल नाही. पण ठकूमावशीला तरी कळायला नको?”

बुवांचा हात थांबला.

ठकूबाई पलीकडच्या आळीतली. थंडीत तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. सहा महिने ती अंथरुणाला खिळून होती. याच पंधरवड्यात उठली, रोज सकाळी बुवांच्या अंगणात येऊन चालू लागली. चालायला आधार हवा, म्हणून चांगला हात ओट्याच्या कडेवर टेकवत देवाभोवती फिरायची. डावा हात टेकवायचा तर ओटा डावीकडेच यायचा. म्हणजे प्रदक्षिणा उलटी.

गावाहून परतलेल्या त्र्यंबकने ते पाहिलं आणि त्याच्या अंगाची लाही लाही झाली. चारचौघांत तो तिच्यावर ओरडला, “मावशी, ही प्रदक्षिणा आहे की देवाची चेष्टा? जमत नसेल तर घरी बसून हात जोडा!”

ठकूबाईने हात जोडले नाहीत. तिला ते जोडता येत नव्हते. ओट्यावरचा हात काढून घेऊन ती निघून गेली.

“हात गेला म्हणून शास्त्रही जातं का?” त्र्यंबक म्हणाला. “आज हिला सूट दिली तर उद्या सगळेच मनाला येईल तसे फिरतील!”

“चार दिवस झाले, ती आली नाही.”

“रुसली असेल.”

“काल तिची सून भेटली. म्हणाली, सासूबाईंनी पुन्हा अंथरूण धरलं. उठतच नाहीत.”

…

त्र्यंबक चपापला. पण इतक्या तावातावाने बोलून झाल्यावर माघार तरी कशी घ्यायची?

“त्याला मी काय करू? मी देवाच्या बाजूने बोललो! ते जाऊ द्या, ही वेल तेवढी उपटू का, सांगा.”

“उपटू नकोस. सोडव.”

“म्हणजे?”

“शेंड्याला धर. खांबाभोवती फिरत फिरत सोडव. एक पानसुद्धा तुटता कामा नये.”

बुवा एरवी फार मऊ बोलत. आज त्यांचा आवाज मऊ नव्हता.

त्र्यंबक ओट्यावर चढला. शेंडा धरून एका बाजूने निघाला, तर वेल जास्तच आवळली. मग दुसऱ्या बाजूने निघाला, तशी ती सैल पडली.

एक फेरा झाला. दुसरा झाला.

चालता चालता त्याच्या लक्षात आलं, देव आपल्या उजव्या हाताला आहे. सुलट! त्याला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी या खांबाभोवती काहीतरी रीतसर चाललं होतं. त्याच्या ओठांवर गणपतीचं नावही आलं.

कोनाड्याच्या कडेला एक फूल टेकलेलं होतं, अगदी गणपतीच्या पायाशी. त्र्यंबक पुढे गेला, तसं तेही वेलीबरोबर ओढलं गेलं.

शेवटचा फेरा घेऊन त्याने वेल ओट्यावर ठेवली. ती तिथे वेटोळं होऊन पडली.

“झालं?” बुवांनी विचारलं.

“झालं.”

“किती फेरे घेतलेस?”

“नऊ.”

“सुलट?”

“सुलट.”

“एकही चुकला नाही?”

“नाही, बुवा. सगळे शास्त्राप्रमाणे…”

तो बोलता बोलता थांबला. खांबावर नुसता काथ्या उरला होता. कोनाड्यातला गणपती एकटाच होता.

…



त्र्यंबक ओट्यावरच खाली बसला. वेलीचा शेंडा त्याने जपून उचलला. सवयीने त्याचा हात सुलट निघाला आणि मधेच थबकला. त्याला स्वतःचाच संताप आला. डोळे भरून आले.

“बुवा… हिला परत देवापाशी न्यायचीय. कशी नेऊ?”

बुवांनी सोललेले देठ सुपात गोळा केले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

“मला काय विचारतोस? ठकूला जाऊन विचार. तिला वाट ठाऊक आहे.”