पोपट की भोपळा?

अजिंठ्याच्या लेण्यांत भिंती रंगत होत्या आणि रंगांना बोलता येत होतं, त्या काळातली ही गोष्ट. एका चिताऱ्याने भिंतीवर पोपट रेखला आणि नेमका हिरवा रंग संपला. तो म्हणाला, "पोपटराव, संध्याकाळपर्यंत हिरवा मिळाला नाही, तर तुला पुसून इथे भोपळा काढतो. भोपळ्याला पिवळा पुरतो." आणि खुशाल जेवायला गेला.

पोपटाची पाचावर धारण बसली. खाली करवंट्यांत पिवळा आणि निळा बसले होते. "पिवळेदादा, निळेदादा, एकत्र या की! तुमचा दोघांचा हिरवा होतो म्हणतात!"

निळ्याने नाक मुरडलं. "मी समुद्रापलीकडून आलोय. हा इथल्या नाल्यातली माती. ह्याच्यात मिसळलो तर मी उरेन का?"

"मी तरी कुठे उरणार, शहाण्या?" पिवळा म्हणाला. "पण पोरगं पुसलं जाईल, त्याचं काय?"

मग निळ्याने डोळे मिटून पिवळ्यात एक थेंब सोडला. पिवळा पोपटी झाला! दुसरा सोडला, तर गर्द हिरवा!

"अरेच्चा!" निळा म्हणाला.

चिताऱ्याने परत येऊन तो हिरवा भरला आणि पोपट वाचला. पण निळ्याला आता मिसळायची चटक लागली. त्याने पलीकडच्या करवंटीतल्या तांबड्याला हाक मारली. "ए तांबड्या, ये की इकडे! आपलं काय होतं बघू!"

म्हणून पोपटाशेजारी दोन जांभळी वांगी आली. ती चिताऱ्याच्या मनातही नव्हती. भिंतीचा तेवढाच तुकडा पुढे गळून पडला, नाहीतर तुम्हाला दाखवलीच असती.