टिचकीचं रताळं आणि मानाचं तपेलं

ठकूकाकूच्या चुलीमागं टिचकी राहायची. टिचकी म्हणजे उंदरीण. केवढी? तुमच्या अंगठ्याएवढी. तीही शेपूट धरून!

टिचकीला मिळाली दोन रताळी. एक तिनं चुलीतल्या राखेत पुरलं.

पण चूल अशी तापली, अशी तापली, की परसातल्या कोंबडीनं उकडलेलंच अंडं घातलं!

टिचकीनं रताळं उकरलं. वरून कोळसा. आतून कच्चं. आता उरलं एकच.

"चूलबाई, चूलबाई, जरा निव ना!"

"मी का निवू? माझा काय दोष? आधी लाकूड मागं सरू दे. मग मी निवते."

टिचकी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"लाकूडभाऊ, लाकूडभाऊ, मागं सर ना! चूल निवेना, माझं रताळं भाजेना!"

"मी का सरू? माझा काय दोष? आधी फुंकणी थांबू दे. मग मी सरतो."

टिचकी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"फुंकणीताई, फुंकणीताई, थांब ना! लाकूड सरेना, चूल निवेना, माझं रताळं भाजेना!"

"मी का थांबू? माझा काय दोष? आधी काकू दम खाऊ दे. मग मी थांबते."

काकूचे डोळे लाल. गाल टम्म. फूऽऽ! फूऽऽ!

"ठकूकाकू, ठकूकाकू, दम खा ना! फुंकणी थांबेना, लाकूड सरेना, चूल निवेना, माझं रताळं भाजेना!"

"मी का दम खाऊ? माझा काय दोष? आधी डाळ शिजू दे. मग मी दम खाते. फूऽऽ!"

टिचकी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु.

"डाळबाई, डाळबाई, शीज ना! काकू दम खाईना, फुंकणी थांबेना, लाकूड सरेना, चूल निवेना, माझं रताळं भाजेना!"

"मी का शिजू? माझा काय दोष? आधी तपेलं मान सोडू दे. मग मी शिजते."

"कसला गं मान?"

"चुलीचं मोठं तोंड तपेल्याचं. जाळ सगळा तिथं. मी बसले बाजूच्या छोट्या तोंडावर, वैलावर. इथं नुसती ऊब!"

"पण मोठ्या तोंडावर कुणीच नाही!"

"तपेलं येणार आहे ना."

"कधी?"

"काकूच्या सासूबाई नवरी होत्या, तेव्हापासून येणारच आहे."

टिचकी चढली फळीवर. लुटुलुटु, लुटुलुटु. तिथं तपेलं बसलेलं. पितळेचं. पोट हे एवढं!

"तपेलेराव, तपेलेराव, मान सोडा ना! डाळ शिजेना, काकू दम खाईना, फुंकणी थांबेना, लाकूड सरेना, चूल निवेना, माझं रताळं भाजेना!"

"मी का सोडू? माझा काय दोष? आधी... आधी..."

तपेलं अडलं. इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. पुढं कुणी उरलंच नव्हतं!

"आधी... तू उद्या ये!"

टिचकीनं मारली उडी. टुणकन! थेट तपेल्याच्या पोटात. आत काळोख. पण बुडाशी, कडेला, एक उजेडाचा ठिपका. टिचकीनं त्यात शेपूट घातलं. शेपूट गेलं बाहेर!

"अहो तपेलेराव, तुम्हाला भोक!"

"शूऽऽ! हळू बोल!"

"म्हणून चुलीवर येत नाही होय? सांगू काकूला?"

"नको गं बाई! सोडला! मान सोडला!"

तपेल्यानं मान सोडला. डाळ मोठ्या तोंडावर बसली. रटरट, रटरट, डाळ शिजली. काकूनं दम खाल्ला. फुंकणी थांबली. लाकूड मागं सरलं. चूल निवली.

"एवढंच होतं?" काकू म्हणाली. "आधी का नाही सांगितलं कुणी?"

सगळे म्हणाले, "आमचा काय दोष?"

टिचकीनं दुसरं रताळं राखेत पुरलं. वाट पाहिली. उकरलं. मऊ मऊ! गोड गोड! एकटीनं खाल्लं. कुणाला दिलं नाही.

आणि तपेलं? ते अजून फळीवरच. टिचकी त्याच्या पोटात झोपते. भोकातून शेपूट बाहेर.

पाहुणे विचारतात, "तपेलेराव, हा गोंडा कसला?"

तपेलं पोट फुगवून म्हणतं, "मानाचा!"