वीस हातांचा पडदा

फार फार मागची गोष्ट. तेव्हा गोष्ट ऐकायची तर घोंगडी काखेत मारून देवळापुढं जावं लागे. घरबसल्या काही मिळत नसे, आणि तेच बरं होतं.

एका गावात धाकू आणि सारजा असे नवराबायको राहत. दोघं चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करीत. पांढरा पडदा बांधायचा, मागं एक दिवा ठेवायचा आणि वीतभर बाहुली पडद्याला टेकवून नाचवायची. पुढं बसलेल्यांना तिची सावली दिसे. बाहुल्या धाकू नाचवी, गोष्ट सारजा सांगे. जत्रेच्या खेळाला लोक शेवटपर्यंत बसले, तर घराघरातून सूपभर भात मिळे. मधेच उठून गेले, तर सूप रिकामं. रिवाजच तसा. त्या भातावर दोघांचं वर्ष निघे.

एकदा धाकू राजधानीला गेला आणि बिघडून आला.

"सारजे, तिथला पडदा बघशील तर तोंडात बोट घालशील! वीस हात! आणि कर्णा असा, की बोललं की तीन आळ्यांत ऐकू जातं. आपला पडदा म्हणजे नाक पुसायचं फडकं."

"गोष्ट कुठली होती?" सारजानं विचारलं.

धाकूनं डोकं खाजवलं. "गोष्ट होय... ती काही ध्यानात नाही राहिली. पण पडदा!"

"झालं तर मग," म्हणत सारजा धुणं घेऊन नदीवर गेली. तिला वाटलं, विषय मिटला.

परत येऊन बघते, तर गोठ्यात दावं नुसतंच लोंबतंय. दारात कापडाचा ढीग, आणि गव्हाणीला टेकून पितळी कर्णा.

"अहो, माझ्या माहेरची म्हैस कुठाय?"

धाकूनं कर्णा तोंडाला लावला. "अगं, ही बघ!"

शेजारच्या कोंबड्या खुराड्यावरून खाली पडल्या.

"लोकांचे डोळे वीस हातांचे झालेत का?" सारजा कडाडली. "आता सकाळी उठा आणि ह्या कर्ण्याचं दूध काढा!"

जत्रा आली. दिवेलागणीला पडदा उभा राहिला. गाव आ वासून बघत राहिलं. धाकूच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण वीतभर राजकन्या त्या पडद्यावर आली, ती भिंतीवर मुंगी चढल्यासारखी दिसली.

"काय दिसतंय रे?" पुढं बसलेल्या भागाआजीनं विचारलं.

"डास बसलाय, आजी."

धाकूनं बाहुली पडद्यापासून लांब, दिव्याजवळ धरली. सावली मोठी झाली, पण नाक नाही, डोळा नाही, नुसता ढग. एक दिवा पुरेना, म्हणून त्यानं पाच लावले होते; आता एका राजकन्येच्या पाच सावल्या पडल्या.

गोष्ट अशी, की एका राजकन्येसाठी तीन राजे भांडत होते.

"अरे, पाच पोरी आहेत!" मागून कुणीतरी ओरडलं. "भांडता कशाला? एकेक घ्या, दोन उरतील!"

धाकूनं कर्ण्यातून राजाची डरकाळी फोडली. पोरं रडायला लागली, बैलांनी दावी तोडली. गोष्ट पुढं सांगायला सारजानं पडद्यामागं कर्णा तोंडाशी धरला आणि दात ओठ खात पुटपुटली, "ह्या ढगापायी माझी म्हैस गेली." ते कर्ण्यातून सगळ्या गावाला ऐकू गेलं. गाव खोखो हसलं. त्या सांजेला स्वच्छ कळलेलं तेवढं एकच वाक्य.

तेवढ्यात वारा सुटला. वीस हातांचं कापड शिडासारखं फुगलं आणि बांबूसकट पाटलांवर आलं. पाटील आत, मिशा बाहेर.

पाटील बाहेर निघाले. लोक घोंगड्या झटकू लागले. म्हैस गेलीच होती. आता भातही चालला.

तिनं कर्णा फेकला आणि पुढं झाली. "बसा खाली! उठेल त्याला माझी आण! गोष्ट अजून सांगितलीच नाही."

बाहुल्या जुन्या पडद्यात गुंडाळून आणल्या होत्या. तो तिनं देवळाच्या दोन खांबांना ताणून बांधला. चार दिवे फुंकले, एक ठेवला. नवऱ्याला म्हणाली, "नाचवा. आणि तोंड मिटा."

मग तिनं आपल्या नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. मागच्यांना ऐकू येईना, तशी ती माणसं पुढं सरकली. भागाआजीच्या मांडीवर कुणाचं तरी पोर येऊन बसलं. पडद्यावर एकच राजकन्या होती, तिची नथसुद्धा दिसत होती. ती राजांना म्हणाली, "माझ्यासाठी तलवारी काढल्यात, पण माझं नाव तुमच्यातल्या कुणाला ठाऊक आहे?"

तिन्ही राजांच्या माना खाली गेल्या. गोष्ट संपेस्तोवर एक माणूस उठला नाही.

सुपं भरून भात आला. म्हैस मात्र परत आली नाही. वर्षभर दोघांनी पेज प्यायली, तीही ताकावाचून. मोठ्या पडद्यावर सारजा भात वाळत घाली. कर्णा देऊन धाकूला तिनं डुकरं हाकायला शेतात बसवलं.

"सारजे," तो तिथून ओरडे, "राजधानीसारखा आवाज येतोय का गं?"

"येतोय हो! म्हणून तर डुकरंसुद्धा शेवटपर्यंत बसत नाहीत!"

बोध एवढाच: पडदा केवढा हे विचारण्याआधी गोष्ट कुठली हे विचारावं, आणि दुभती म्हैस विकून तर तो कधीच घेऊ नये.